माशीचा गळ आणि आपलं पाणी

(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)



गणपतीच्या मांडवात माशांवर बोलायचं म्हटल्यावर घरच्यांनी आम्हाला आधीच बजावलंय की रश्शाचा विषय काढायचा नाही. तो काढणार नाही. आम्ही बोलणार आहोत ते मासा धरण्याच्या एका निराळ्या रीतीबद्दल, आणि त्या निमित्तानं आपल्या पाण्याबद्दल. ‘आम्ही’ म्हणजे गळाचा नाद असलेले निपाणीतले चौघं. बोलणारा एकटा असला तरी मजकूर चौघांनी भांडून लिहिलाय, म्हणून ‘आम्ही’.

मे महिन्यात आमच्या गल्लीतला, नोकरीसाठी उत्तरेत राहणारा एक मुलगा सुट्टीला आला होता. मनालीकडं फिरायला गेल्यावर त्यानं तिथं ट्राउट मासा बघितला, पिसाच्या माशीनं तो धरणारी माणसं बघितली. मोबाइलवर सगळं दाखवून झाल्यावर म्हणाला, “काका, हा मासा आपल्या तलावात सोडला तर? तुम्हाला नाद, गावाला पर्यटन!” आम्ही तेव्हा हसलो. पण असे प्रश्न नुसते हसण्यावारी जात नाहीत. कधीतरी त्याचा ठराव होतो, अनुदान येतं, पिल्लांच्या पिशव्या येतात, काठावर फोटो निघतो आणि पिशव्या पाण्यात रिकाम्या होतात. म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यावं असं ठरलं.

आधी ती माशीची रीत काय असते ते सांगतो. आपला नेहमीचा गळ म्हणजे गोफण. गोफणीत वजन दगडात असतं, दोरी त्याच्यामागं जाते. गळाला शिशाचा गोळा आणि कणिक किंवा गांडूळ लावून फेकलं की तेच होतं. माशीच्या गळाचं उलटं आहे. आकड्यावर पीस आणि दोरा गुंडाळून केलेली माशी, तिला वजनच नाही. फुंकर मारली तर उडेल. मग ती वीस मीटर जाणार कशी? तर वजन दोरीला दिलेलं असतं. जाड, गुळगुळीत, वजनदार दोरी, तिच्या पुढं माशाला दिसणार नाही असा बारीक नायलॉनचा धागा, आणि टोकाला माशी. नऊ फुटी लवचिक काठीनं ती दोरी चाबकासारखी मागं उलगडू द्यायची, पूर्ण उलगडली की मग पुढं आणायची. जोर लावला की बिघडतं. मागची दोरी उलगडेपर्यंत थांबायचं, एवढीच सगळी विद्या. बैलाच्या पाठीवर चाबूक न लागू देता नुसता हवेत वाजवणारे जुने गाडीवान आपल्याकडं होते, त्यांना हे एका सकाळीत जमलं असतं.

आणि माशी बांधणं? लहानशा शिकंज्यात आकडा धरायचा, त्यावर दोरा गुंडाळत जायचा, मध्येच कोंबड्याच्या मानेचं पीस धरून चार वेढे द्यायचे, शेवटी गाठ मारून टोक दाबायचं. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा आमच्या डोळ्यांपुढं काय आलं असेल? विडी! पानाची सुरळी, बोटाच्या पेरात दोऱ्याचे वेढे, टोक आत मोडणं. दिवसाला हजार विड्या बांधणाऱ्या निपाणीच्या बायकांच्या बोटांत जी सफाई आहे, ती विकत मिळत नाही. आमच्यातल्या एकाच्या मावशींनी चष्मा लावून दहा मिनिटांत जी माशी बांधली, तशी आमच्या हातून अजून झालेली नाही. वर त्या म्हणाल्या, “एवढ्यावर मासा फसतोय? मग तो तुमच्यापेक्षा फार हुशार नसंल.”

मासा फसतो, पण कशालाही नाही. इथंच खरी गंमत आहे. नदीतला ट्राउट म्हणजे खानावळीत जागा धरून बसलेलं गिऱ्हाईक. प्रवाहाकडं तोंड करून एका दगडाआड उभा राहतो, वाढप त्याच्यापुढून वाहत येतं, आवडलं ते उचलतो. तलावात प्रवाह नाही, वाढणारा नाही. तिथला मासा पोटासाठी दिवसभर फिरतो, म्हणजे आज बाजार कुठं भरलाय ते आधी आपल्याला शोधावं लागतं. वारा ज्या काठाकडं वाहतो तिकडं पाण्यावर पडलेले किडे गोळा होतात, म्हणून वारा तोंडावर घेऊन उभं राहायचं, फेकायला अवघड गेलं तरी. ऊन चढलं की वरचं पाणी तापतं आणि मासा खाली गार थरात उतरतो. मग बुडणारी दोरी घ्यायची, माशी पडल्यापासून मनात आकडे मोजायचे आणि हळूहळू ओढत आणायची. दहा आकड्यांवर काही नाही, पंधरावर काही नाही, वीसला झटका बसला, तर पुढच्या वेळी वीसच मोजायचे. मासे त्या खोलीवर आहेत.

इंग्लंडमध्ये ब्रिस्टॉल शहराला पाणी पुरवायला ब्लॅगडन नावाचा तलाव बांधला. आपल्या जवाहर तलावासारखाच पिण्याच्या पाण्याचा. त्यात ट्राउट सोडले आणि १९०४ साली गळवाल्यांना तो खुला केला. तलावात माशीनं ट्राउट धरण्याची आजची रीत बरीचशी तिथं घडली. सुरुवातीला लोक मोठमोठ्या, रंगीबेरंगी, कशाशीच साम्य नसलेल्या माश्या ओढत. तिथल्या डॉ. बेल नावाच्या गळवाल्यानं धरलेल्या माशाच्या पोटात काय आहे ते बघायला सुरुवात केली. पोटात निघाले बारीक काळे-तपकिरी किडे, मग त्यांनी तसल्याच बारीक माश्या बांधल्या. डॉक्टरच तो, आधी तपासणी आणि मग औषध.

ते किडे आपल्याही ओळखीचे आहेत. संध्याकाळी तलावाकाठच्या ट्यूबलाइटभोवती डासासारखी पण न चावणारी चिलटं जमतात ना, तीच. त्यांची अळी तळाच्या चिखलात राहते आणि रक्तासारखी लाल असते, कारण चिखलात प्राणवायू कमी, तो धरून ठेवायला तिच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं. मग ती कोष करते, कोष तरंगत वर येतो, पाण्याच्या वरच्या पापुद्र्याखाली क्षणभर लोंबकळतो आणि फाटून चिलट उडतं. मासा त्या क्षणाची वाट बघत असतो. सूर्य मावळताना शांत पाण्यावर जी गोल वलयं उठतात त्यांतली बरीच त्याचीच असतात. हे कळल्यापासून आम्ही काठावर गेलो की पहिली पंधरा मिनिटं गळ सोडतच नाही, नुसतं बघतो. घरी याला आळस म्हणतात.

आता ट्राउट. हा मासा आपल्या देशातला नाही. तपकिरी ट्राउट युरोपचा, इंद्रधनुषी ट्राउट अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचा. साहेब लोक इथं आले, त्यांना घरच्या नदीची आठवण झाली आणि त्यांनी अंडी मागवली. नीलगिरीत फ्रान्सिस डे या लष्करी डॉक्टरनं १८६० च्या दशकात खटपट केली, ती फसली. काश्मीरसाठी १८९९ साली निघालेली अंडी वाटेतच खराब झाली. १९०० साली स्कॉटलंडहून आलेली जगली आणि श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणारे मिचेल नावाचे गृहस्थ त्यांच्यामागं लागून राहिले. नीलगिरीत विल्सन यांनी १९०७ च्या सुमारास अव्हलांचला इंद्रधनुषी ट्राउटची हॅचरी बसवली, मुन्नारच्या चहामळेवाल्यांनी आपल्या डोंगरात तो नेला. आपल्यापैकी पहलगामला जाऊन आलेल्यांनी ताटात तो बघितलाही असेल. कोकरनागला सरकारी पैदास केंद्रच आहे.

मग तिथं जगतो तो इथं का नाही? पाण्यामुळं. ट्राउटला दहा ते अठरा अंशांचं पाणी मानवतं. वीसच्या वर तो अस्वस्थ होतो, पंचवीसच्या पुढं फार काळ तग धरत नाही, आणि अंडी घालायला तर त्याला आणखी गारवा लागतो. दुसरं म्हणजे गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. दहा अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ११ मिलिग्रॅम, तीस अंशांच्या पाण्यात साडेसातच्या आसपास. म्हणजे उन्हाळ्यात माशाची गरज वाढते तेव्हाच पुरवठा आटतो. नीलगिरीचे ते तलाव दोन हजार मीटरच्या आसपास किंवा त्याहून वर आहेत, निपाणी सहाशेच्या आसपास. मे महिन्यात आपण माणसं दुपारी दार लावून झोपतो, ट्राउटनं कुठं जायचं? तेव्हा त्या मुलाला पहिलं उत्तर सोपं आहे, बाळा, पहिला उन्हाळा तो बघणार नाही.

पण समजा, जगणारा मासा आणला तर? इथं आम्हाला जास्त बोलायचंय.

आपल्या कृष्णेच्या खोऱ्याचा स्वतःचा एक राजा मासा आहे. महासीर. निळसर परांचा, तळहाताएवढ्या खवल्यांचा. कर्नल साइक्स या मुंबई फौजेतल्या अधिकाऱ्यानं पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या या माशाचं १८३९ साली शास्त्रीय वर्णन केलं आणि नाव ठेवलं ‘खुद्री’. ते नाव त्यानं लंडनहून आणलं नव्हतं, इथल्याच लोकांच्या तोंडचं होतं. आजही शास्त्रज्ञ त्याला टॉर खुद्री म्हणतात. मुळा-मुठा भीमेला, भीमा कृष्णेला. आपली वेदगंगा पाटगावहून निघून यमगर्णीच्या पुलाखालून जाते ती दूधगंगेला, आणि दूधगंगा कृष्णेलाच. काळम्मावाडीचं धरण दोन राज्यांनी मिळून बांधलं, त्याच्या पाण्याच्या वाट्यावर बैठका होतात. माशाला सीमाप्रश्न माहीत नाही. त्याच्या हिशेबी हे सगळं एकच गाव आहे.

महासीर खालच्या संथ पाण्यातून पावसाळ्यात वर चढतो आणि वाहत्या पाण्यातल्या गोट्यांमध्ये अंडी घालतो. मध्ये बांध आला की वाट बंद. अंडीही इतर माशांच्या मानानं थोडी. त्यामुळं तो कमी होत गेला. काही ठिकाणी देवानं राखला. शृंगेरीला तुंगेच्या घाटावर चुरमुरे टाकले की अंगावर येतील असे मासे दिसतात, महाडजवळ वाळणकोंडच्या डोहातले मासे देवीचे म्हणून कुणी धरत नाही. आणि काही ठिकाणी माणसानं राखला. लोणावळ्याला वळवणच्या तलावावर टाटांनी १९७० च्या दशकापासून महासीरची पैदास सुरू केली. मादीच्या पोटावरून अलगद हात फिरवून अंडी काढायची, नराचं वीर्य मिसळायचं, वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये उबवायची. लाखो पिल्लं झाली आणि देशभरातल्या पाण्यांत सोडली गेली. फार मोठं काम आहे, त्यात वाद नाही. हा मासा नष्ट होणार ही भीती त्यामुळं खूप कमी झाली.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू ऐका. ती पिल्लं कावेरीतही गेली. कावेरी कृष्णेच्या खोऱ्यातली नाही, आणि तिचा स्वतःचा महासीर होता. पाठीला उंचवटा असलेला, केशरी परांचा, त्याहून कितीतरी मोठा. कावेरीची उपनदी कबिनी, तिथं १९४६ साली व्हॅन इंगेन यांनी गळानं धरलेला महासीर १२० पौंडांचा, म्हणजे ५४ किलोचा होता. एवढ्या मोठ्या माशाला बरीच वर्षं धड शास्त्रीय नावसुद्धा नव्हतं. काही काळ तर पुण्याकडच्या ‘मुसुल्ला’ नावाच्या दुसऱ्याच माशाचं नाव त्याला चिकटवलेलं होतं. कुणाला वाटलं महासीर म्हणजे महासीर, लोणावळ्याचा काय आणि कावेरीचा काय. हेतू चांगलाच होता. नदीत मासा कमी झालाय, चला भर घालू. पण निळ्या परांचा वाढत गेला आणि उंचवट्याचा दिसेनासा झाला. २०१८ साली शास्त्रज्ञांनी त्याची ओळख नक्की करून टॉर रेमादेवी हे नाव पक्कं केलं, आणि त्याच वर्षी तो नष्ट होण्याच्या अगदी काठावरच्या प्राण्यांच्या जागतिक यादीत गेला. नाव मिळालं तेव्हा मासा निघाला होता.

हे कळलं कशावरून? सरकारी मोजणीवरून नाही. कावेरीकाठच्या कॅम्पवर येणाऱ्या गळवाल्यांच्या वह्यांवरून. कोण आला, किती तास बसला, कुठला मासा लागला, वजन किती, ही नोंद तिथं ठेवलेली होती. १९९८ ते २०१२ या काळातल्या त्या नोंदी संशोधकांनी मांडून बघितल्या, तेव्हा एका माशाचा चढता आणि दुसऱ्याचा उतरता आलेख समोर आला. नुसत्या हौसेनं लिहिलेली वही, पण ती नसती तर काहीच सांगता आलं नसतं.

ही गोष्ट आम्हाला लागली, कारण आपल्या पाण्यांची अशी वही कुणाकडंच नाही. आज निपाणीच्या आजूबाजूच्या तळ्यांत काय मिळतं? बाजारात बघा. कटला, रोहू, मृगळ, हे मुळात गंगेच्या खोऱ्यातले. १९५७ साली हिरालाल चौधरी यांनी कटकला इंजेक्शन देऊन या जातीच्या माशांकडून अंडी घालून घ्यायची युक्ती साधली आणि मग त्यांचं बी सगळीकडं पोहोचलं. त्यानं लोकांना स्वस्तात मासा मिळाला, ठेका घेणाऱ्या संस्था चालल्या, त्याबद्दल आमची तक्रार नाही. चिलापी आफ्रिकेची, १९५२ साली देशात आणलेली. ती मात्र तोंडात पिल्लं सांभाळते, वर्षातून अनेकदा वीण करते आणि ज्या तळ्यात शिरली ते तळं आपलं करते. आफ्रिकन मांगूर पाळायला बंदी आहे, तरी तो इथं तिथं असतोच. आणि आता सकर, घरातल्या काचपेटीची काच चाटणारा मासा. वीतभर झाला की पेटीत मावत नाही, मारवत नाही, मग भूतदया म्हणून विहिरीत नाहीतर तळ्यात. उजनीत जाळी टाकणाऱ्यांना विचारा त्या भूतदयेबद्दल. जाळ्यात अडकला की त्याच्या काट्यांनी जाळं फाटतं आणि विकत घ्यायला कुणी नाही.

त्यात पूर. २०१९ ला यमगर्णीपाशी वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं ते सगळ्यांनी बघितलंय. आपण बघत होतो ट्रकांच्या रांगा. त्याच पाण्यातून शेततळ्यांतला, टाक्यांतला मासा नदीत गेला असणार. एकदा गेलेला परत बोलावता येत नाही.

म्हणून यंदापासून आम्ही चौघांनी वही सुरू केलीय. साधी, आडव्या रेघांची. तारीख, जागा, किती तास बसलो, पाणी गढूळ की निवळ, कुठला मासा, किती लांब. थर्मामीटर दोरीला बांधून पाण्याचं तापमान. काही लागलं नाही तर तेही लिहायचं, आणि ती पानं बरीच आहेत. नावांचा घोळ मोठा आहे. एकाच माशाला नदीच्या अलीकडं एक नाव, पलीकडं दुसरं, कन्नडमध्ये तिसरं. तिन्ही लिहितो. साइक्सनं लोकांना विचारून नाव लिहिलं म्हणून आज आपल्याला ‘खुद्री’ माहीत आहे. तुमच्या घरात नदीकाठी वाढलेले कुणी आजोबा-आजी असतील, मळ्यातून येताना मासा धरून आणणारे, त्यांना जरूर विचारा. पूर्वी काय मिळायचं, कुठल्या डोहात, केव्हापासून मिळेना झालं. ते आमच्यापर्यंत आणा. तंबाखूचं कुठलं वाण कुठल्या शिवारात चांगलं येतं हे या गावाला तोंडपाठ आहे, नदीचंही कुणाला तरी असणारच.

माशीच्या गळानं आपल्याकडं काय मिळतं असं विचाराल. पुष्कळ मिळतं. पाण्याच्या वरच्या थरात चांदीच्या पात्यासारखे बारीक मासे फिरतात, ते संध्याकाळी बारीक माशीवर झेपावतात. मरळ पाणवनस्पतीच्या कडेला दबा धरून असतो, त्याला बेडकासारखी केसाळ माशी लागते, आणि तो ओढतो तेव्हा काठी हातात राहील याची खात्री नसते. चिलापीही येते. आम्ही आकड्याचा उलटा काटा पकडीनं दाबून टाकतो, हात ओले करून मासा धरतो, पाण्याबाहेर फार वेळ ठेवत नाही आणि सोडून देतो. यावर एका काकूंचा प्रश्न होता की सोडायचाच होता तर दिवसभर उन्हात बसलात कशाला. त्याचं उत्तर आम्हाला अजून सापडलेलं नाही. चिलापी मात्र आम्ही परत सोडत नाही. ज्याला हवी त्याला देतो, आणि त्या काकूंकडं पहिली जाते.

गळ टाकायच्या आधी पाणी कुणाच्या ठेक्यात आहे ते विचारून परवानगी घेतो. पिण्याच्या पाण्याच्या तलावावर गळ नाही, तिथं फक्त बघणं.

त्या मुलाला आम्ही हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, ट्राउट राहू दे, मग वेदगंगेत आपलाच महासीर आणून सोडला तर? प्रश्न चांगला आहे, कारण मासा घरचा आहे. पण तो वर चढणार कुठं, मध्ये बंधारे किती, उन्हाळ्यात डोहात पाणी किती उरतं, आणि आज तिथं कोण कोण राहतंय, हे वहीत आल्याशिवाय आम्ही हो म्हणणार नाही. त्याला सांगितलं, दिवाळीला आलास की यमगर्णीच्या पुलावरून थर्मामीटर सोडायचं काम तुझं.

शेवटी एक सूचना. विसर्जनानंतरच्या रविवारी सकाळी सात वाजता मैदानावर आम्ही माशी फेकायला शिकवणार आहोत. गवतावर, पाण्याशिवाय. आकड्याऐवजी लोकरीचा तुकडा लावलेला असेल, तेव्हा आयांनी काळजी करू नये. माशी बांधायला मावशी येणार आहेत, त्यांना दोनदा विचारावं लागलं नाही. काठ्या मात्र दोनच आहेत, त्यामुळं पाळी लावावी लागेल, आणि लहान मुलांची पाळी आधी.